मदत हवी आहे: वादळात गेलेल्या सुपारीच्या वाड्यांसाठी 'हानी आणि नुकसान' निधी मिळू शकतो का?

नमस्कार मंडळी. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. भरपाई हेक्टरी 50 हजार ठरली. पण इथे वाडी गुंठ्यात मोजतात, म्हणजे गुंठ्याला जेमतेम 500 रुपये! मोडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीही त्यात सुटत नाही, आणि नवं रोप धरायला कितीतरी वर्षं जातात. सुपारी सोलायला जाणाऱ्या बायकांच्या नावावर तर सातबाराच नाही. त्यांचा बुडालेला रोजगार कुठल्या पंचनाम्यात येणार?

2022 ला शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत हवामान बदलामुळे होणाऱ्या अशा नुकसानीसाठी 'हानी आणि नुकसान' हा जागतिक निधी ठरला. पहिल्या टप्प्यात 25 कोटी डॉलर आहेत, पण मागणी देशाच्या सरकारच्या संमतीनेच पुढे जाते.

मग ग्रामपंचायतीने किंवा बचत गटाने सुरुवात कुठून करायची? जुन्या वादळाचं नुकसान धरतात का? पंचनाम्याच्या प्रती आणि फोटो जपून ठेवलेत, आणखी काय जमवू? ओडिशात किंवा सुंदरबनात असं काम केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.