ती ‘पळून गेली’ हे कशावरून?

‘महिना झाला, पोलीस थंड पडलेत, म्हणजे बाई स्वतःहूनच गेली असणार’ असं या हरवलेल्या बाईबद्दल वर कुणीतरी लिहिलंय. तपास थंडावण्याचा आणि तिच्या मर्जीचा काय संबंध? १८ वर्षांच्या आतलं मूल हरवलं तर अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. सज्ञान बाईची मात्र नुसती ‘मिसिंग’ची नोंद, आणि घातपाताचा संशय येईल असं काही हाती लागेपर्यंत ती तशीच पडून राहते.

माझी मावसबहीण अशीच बेपत्ता झाली होती. आयर्विन पुलाजवळ एक चप्पल सापडली आणि दुपारपर्यंत सांगलीभर ‘कृष्णेत उडी मारली’. चार दिवस होड्या हरिपूरच्या संगमापर्यंत फिरल्या. चप्पल तिची नव्हतीच, मावशीनं अंगठ्याची शिवण बघून सांगितलं. तेवढ्यात स्टँडजवळच्या दुकानातलं कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पुसलं गेलं. ती सापडली, पण दीड वर्षानं.

म्हणून हात जोडून सांगते, खरंच काही पाहिलं असेल तर ११२ ला कळवा, नाहीतर ठाण्यात लेखी देऊन पोच घ्या. या बाईच्या चारित्र्यावर लिहू नका, घरचे सगळं वाचतात. आणि फोटो पुढे पाठवताना खाली तारीख टाका.