मदत हवी आहे: जुनी बोट घेताना ट्रान्सम (बोटीची मागची भिंत, जिच्यावर मोटर बसवतात) कसा तपासायचा?

रविवारी एक वापरलेली फायबरची बोट बघायला चाललोय. मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या बाहेरून लावलेली मोटर) आहे. मागच्या वेळी दुसऱ्या एका विक्रेत्याने मी पोचायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलं होतं (थंड असताना ते नीट सुरू होत नसेल, अशी तेव्हाच शंका यायला हवी होती!), म्हणून यावेळी थंडच ठेवा असं बजावलंय. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर पाणी शिरलंय, एवढं मला कळतं. कॉम्प्रेशन गेजही (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) सोबत नेतोय.

अडतंय ते ट्रान्समपाशी. फोटोत मोटरच्या बोल्टांभोवती केसासारख्या बारीक चिरा दिसतात. त्या नुसत्या जेलकोटच्या (फायबरवरच्या चकचकीत बाहेरच्या थराच्या), की ट्रान्समच्या आतलं लाकूड कुजलंय? बोल्ट काढू देणार नाही म्हणतो मालक. हातोडीच्या दांड्याने ठोकून बद्द आवाज येतो का बघणं पुरेसं आहे? की मोटर वर उचलून, खालून हलवून ट्रान्सम लवतो का तेही बघू?