जुन्या पण उघडता येणाऱ्या डेस्कटॉपचा भाव का टिकतो?

पेचकस (धागाकर्ता)

संगणकाच्या जुन्या बाजारात एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. सर्वसाधारण समज असा की वस्तू जितकी नवी, तितका तिचा भाव जास्त. प्रत्यक्षात मात्र अ‍ॅपलच्या २०१२ सालच्या मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपचे चार कोअरचे (प्रोसेसरमधील चार गणनगाभ्यांचे) मॉडेल २०१४ सालच्या मॅक मिनीपेक्षा अधिक मागणीत राहिले, आणि ही स्थिती बरीच वर्षे टिकली. दोन्हींची कंपनी एक, आकार तोच, नावही तेच. फरक एवढाच की २०१२च्या यंत्राचे तळाचे झाकण फिरवले की रॅमच्या दोन पट्ट्या हाती येत आणि ती १६ जीबीपर्यंत वाढवता येई. २०१४च्या यंत्रात रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली (डाख देऊन पक्की जोडलेली) होती आणि चार कोअरचा पर्यायच काढून टाकला होता.

माझे मत असे की जुना डेस्कटॉप घेणारा माणूस केवळ आजच्या क्षमतेचे पैसे देत नाही. आज ८ जीबीवर भागवावे, गरज पडल्यास पुढच्या वर्षी १६ करावी, डिस्क बिघडली तर तेवढीच बदलावी, या मोकळीकीचेही तो पैसे देतो. सोल्डर केलेल्या यंत्रात ही मोकळीक पहिल्या ग्राहकाने खरेदीच्या दिवशीच वापरून संपवलेली असते. त्याने तेव्हा काटकसर केली असेल, तर तिचे परिणाम पुढच्या प्रत्येक मालकाला भोगावे लागतात. शिवाय सुट्या भागांच्या यंत्राला एक तळभाव असतो. संपूर्ण यंत्र विकले गेले नाही, तरी ग्राफिक्स कार्ड, रॅम आणि पॉवर सप्लाय वेगवेगळे विकता येतात, त्यामुळे संपूर्ण यंत्राची किंमत त्या बेरजेच्या फारशी खाली जात नाही.

हिशेबनीस

आपले उदाहरण रोचक आहे, पण ते एका कंपनीच्या एका चुकीचे आहे. त्यावरून नियम काढणे घाईचे होईल. माझे आक्षेप दोन आहेत.

पहिला आक्षेप जमाखर्चाचा. ‘भाव टिकला’ असे म्हणताना आपण मूळ किंमत आणि विक्रीची किंमत एवढ्याच दोन आकड्यांची तुलना करतो. मधल्या काळात घातलेली रॅम, दोनदा बदललेली डिस्क आणि नवे ग्राफिक्स कार्ड यांचा खर्च कोणीच मोजत नाही. जुन्या प्रोसेसरसोबत महागडे कार्ड बसवलेली यंत्रे विक्रीला येतात, तेव्हा नाकापेक्षा मोती जड झालेला असतो, आणि भाव मिळतो तोही मोत्यालाच. आपण म्हणता तो तळभाव खरा आहे, परंतु तो सुट्या भागांचा भाव आहे. त्याचे श्रेय संगणकाला देऊ नये.

दुसरा आक्षेप विजेचा. २०१० सालच्या मॅक प्रो या अ‍ॅपलच्या टॉवर-संगणकामध्ये सहा कोअरचे दोन इंटेल झिऑन एक्स-५६९० प्रोसेसर बसवणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. त्या प्रत्येक प्रोसेसरची औष्णिक मर्यादा (पूर्ण कामात निघणाऱ्या उष्णतेचा निर्धारित आकडा) १३० वॅट आहे. याउलट अ‍ॅपलची स्वतःची एम-१ चिप असलेल्या २०२० सालच्या मॅक मिनीचा कमाल वीजवापर, कंपनीच्याच आकड्यानुसार, संपूर्ण यंत्र धरून ३९ वॅट आहे. दोन यंत्रांत सरासरी १०० वॅटचा फरक आणि रोजचा ८ तासांचा वापर धरला, तर वर्षाला २९२ युनिटे जास्त जळतात. जाहिरातीत हा आकडा कधी दिसत नाही, आणि एका कोअरच्या वेगात ते जुने यंत्र फार मागे आहे ते वेगळेच.

पेचकस

विजेचा मुद्दा मान्य, आणि दिवसभर चालू ठेवायच्या यंत्रासाठी तो निर्णायकही ठरेल. परंतु जमाखर्चाबाबत माझा मतभेद आहे. मधल्या काळातील खर्च मोजायचा, तर त्या खर्चाने टळलेली नवी खरेदीही मोजायला हवी. आपण उल्लेखिलेला मॅक प्रोच पाहा. मेटल (अ‍ॅपलचे ग्राफिक्स तंत्र) चालवू शकणारे ग्राफिक्स कार्ड बसवले की २०१० सालच्या त्या यंत्रावर २०१८ सालची मोहावी ही मॅकची कार्यप्रणाली अधिकृतपणे चालत होती. त्याच्या जागी आलेल्या २०१३च्या दंडगोल मॅक प्रोची ग्राफिक्स कार्डे मात्र खास त्याच आकाराची होती, बाजारातले कोणतेही कार्ड त्यात बसत नव्हते, आणि ती उष्णतेची रचना आपल्यालाच अडचणीची ठरली, हे कंपनीने २०१७मध्ये स्वतः कबूल केले. मधल्या काळात व्हिडिओ संपादनाचे काम करणारे कितीतरी लोक नवे सोडून जुन्या टॉवरकडे वळले, ते काही आठवणींच्या ओढीने नव्हे.

सॉकेट

दोघांचेही म्हणणे अर्धेच पटते, कारण ‘उघडता येणे’ आणि ‘वाढवता येणे’ यांची आपण गल्लत करत आहात. झाकण उघडले म्हणजे पुढची वाट उघडली असे होत नाही; मदरबोर्डावरील सॉकेटमध्ये (प्रोसेसर बसवायच्या खाचेत) प्रोसेसरची पुढची पिढी बसते का, यावर सारे अवलंबून असते.

इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटचे उदाहरण घ्या. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरांना पिनांची संख्या सारखीच आहे, तरी सातव्या पिढीपर्यंतच्या बोर्डावर आठवी पिढी अधिकृतपणे चालत नाही. एएमडीच्या एएम ४ सॉकेटची गोष्ट उलट आहे. २०१७ सालच्या बी ३५० चिपसेटच्या (बोर्डावरील नियंत्रक चिपच्या) अनेक बोर्डांवर, बायोस (बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्यावर, २०२२ सालचा रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसतो. ज्या बोर्डाने पहिल्या पिढीचा रायझन पाहिला, त्याच बोर्डाने पाच वर्षांनी आलेला प्रोसेसरही चालवला.

याचा पुनर्विक्रीवर झालेला परिणाम विंडोजच्या निमित्ताने स्पष्ट दिसतो. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या कळा जपणारी सोय) लागते, आणि प्रोसेसरांच्या अधिकृत यादीत, एखाददुसरा अपवाद सोडल्यास, इंटेलची आठवी पिढी व त्यापुढचेच येतात. पहिल्या पिढीचे रायझनही त्या यादीत नाहीत. म्हणजे २०१७ साली घेतलेली इंटेलच्या सातव्या पिढीची आणि एएमडीच्या पहिल्या रायझनची दोन्ही यंत्रे नियमाने बादच. तरीही एएमडीच्या यंत्रात प्रोसेसर बदलला आणि बायोसमध्ये टीपीएम सुरू केले की तेच यंत्र पात्र ठरते, तर इंटेलच्या यंत्रासाठी बोर्डच बदलावा लागतो, आणि मग कॅबिनेट व पॉवर सप्लायखेरीज जुने असे फारसे उरत नाही.

हिशेबनीस

हे विवेचन माझ्याच बाजूचे आहे, असे मी नम्रपणे सुचवतो. यंत्राचे आयुष्य अखेर प्रणाली बनवणारी कंपनी ठरवते आणि मालकाच्या हातातील पेचकस त्यापुढे निरुपयोगी ठरतो. (धागाकर्त्यांनी नावावर घेऊ नये.) झिऑन एक्स-५६९०मध्ये एव्हीएक्स हा (अनेक गणिते एकदम करण्याचा) सूचनासंचच नाही, अलीकडचे काही सॉफ्टवेअर त्याविना सुरूच होत नाही, मग त्या यंत्रात रॅम कितीही भरा. कार्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डेस्कटॉपचीही तीच तऱ्हा आहे. दिसायला ते सुटसुटीत असतात, पण कित्येकांत पॉवर सप्लायची जोडणी आणि बोर्डाचा आकार कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, त्यामुळे १९९५पासून चालत आलेल्या एटीएक्स या सर्वसामान्य मापाचा बाजारातील भाग त्यांत बसेलच असे नाही.

सॉकेट

निरुपयोगी नव्हे, मर्यादित म्हणा. आयएसए स्लॉट (जुन्या पद्धतीची कार्ड बसवायची खाच) असलेले नव्वदच्या दशकातील संगणक आजही शोधून घेतले जातात, कारण एखादे कापकाम यंत्र किंवा प्रयोगशाळेतील उपकरण ज्या कार्डावर चालते, ते दुसरीकडे बसत नाही आणि ते उपकरण बदलण्याचा खर्च संगणकाच्या कितीतरी पट असतो. तिथे विंडोज ११ची पात्रता कोणी विचारत नाही.

हिशेबनीस

तो टंचाईचा भाव झाला. त्या ग्राहकाला यंत्र वाढवायचे नसते, आहे तसेच जिवंत ठेवायचे असते.

पेचकस

जिवंत ठेवणे तरी भाग बदलता येतो म्हणूनच शक्य होते. पण सॉकेट यांच्या प्रतिसादानंतर मला माझे मूळ विधान आखडते घ्यावे लागेल. भाव टिकतो तो झाकण उघडणाऱ्या प्रत्येक यंत्राचा नव्हे; ज्याच्या बोर्डावर अजून एक पायरी शिल्लक आहे, त्याचा. शेवटचा बसू शकणारा प्रोसेसर एकदा बसवला की ते यंत्र माझ्या लेखी सोल्डर केलेल्या यंत्राच्या पंगतीला जाते, मग त्याला कितीही स्लॉट असोत. विचित्र हे की विक्रीच्या जाहिरातींत प्रोसेसर, रॅम आणि डिस्क ठळकपणे लिहिलेली असते, मात्र मदरबोर्डचे मॉडेल आणि बायोसची आवृत्ती बहुतेक जण लिहीतच नाहीत. मी विक्रेत्याला पहिला प्रश्न त्याविषयीच विचारतो, आणि बऱ्याचदा उत्तरादाखल कॅबिनेटचे बाहेरून काढलेले छायाचित्र येते.