ऑपेराचं नेपथ्य: डोळ्यांसाठी की गळ्यासाठी?

दमसास:
न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 2010 साली जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ‘रिंग’ या चार ऑपेरांच्या मालिकेसाठी दिग्दर्शक रॉबर्ट लपाजकडून एक अवाढव्य यंत्र उभं करून घेतलं. आडव्या आसावर फिरणाऱ्या 24 फळ्या, वजन सुमारे 45 टन. ते पेलावं म्हणून रंगमंचाला खालून मुद्दाम बळकटी द्यावी लागली. पहिल्याच प्रयोगात शेवटचा क्षण आला, देव इंद्रधनुष्याच्या पुलावरून नव्या महालात जाणार, आणि यंत्राने ऐन वेळी दगा दिला. पूल झालाच नाही. पुढच्या प्रयोगांतही हळुवार जागी करकर ऐकू यायची आणि गायक तिरप्या फळ्यांवर तोल सांभाळत गायचे.

मेटमध्ये 3,800 च्या आसपास खुर्च्या आहेत आणि गायकाला माइक नाही. मागे भक्कम लाकडी भिंत असेल तर ती आवाज पुढे फेकते. सगळीकडे मखमल आणि उघड्या विंगा असतील तर आवाज तिकडेच जिरतो. म्हणून कागदावर पहिली रेघ ओढायच्या आधी नेपथ्यकाराने विचारायला हवं की तो अवघड सूर गायक कुठे उभा राहून लावणार आहे. आधी चित्र ठरवायचं आणि मग माणसाला त्यात कोंबायचं, हे मला अजिबात पटत नाही.

रिकामा रंगमंच:
एका बिघडलेल्या यंत्रावरून तुम्ही सगळ्या दृश्यकल्पनेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंत. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या बायरॉइटचा वॅग्नर महोत्सव 1951 मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या वास्तूवर हिटलरच्या वावराचा डाग होता. वॅग्नरचा नातू वीलांड याने आजोबांच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेरातून रंगवलेली जंगलं आणि देवळं काढून टाकली. उरला जवळजवळ मोकळा रंगमंच आणि प्रकाश. जुने प्रेक्षक दुखावले. पण संगीत त्या डागापासून सोडवायला दुसरा कुठला मार्ग होता?

त्याच ठिकाणी 1976 मध्ये फ्रेंच दिग्दर्शक पात्रीस शेरोने ‘रिंग’मधल्या ऱ्हाईन नदीवर रंगमंचावरच धरण बांधलं आणि देवांना कारखानदारांच्या काळातले कपडे घातले. लोक निषेध करायला शिट्या घेऊन आले होते. 1980 च्या शेवटच्या प्रयोगाला टाळ्या तासाभराहून जास्त चालल्या. नेपथ्य हेही कलाकृतीचं वाचन आहे. गायकाची सोय एवढाच निकष धरला तर आपण रंगवलेल्या पडद्यापुढून कधीच हलणार नाही.

शालू:
रंगवलेल्या पडद्याला नावं का ठेवता? ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीने 1975 मध्ये इंग्लंडमधल्या ग्लाइंडबर्न ऑपेरा महोत्सवासाठी स्ट्राविन्स्कीच्या ‘द रेक्स प्रोग्रेस’चं नेपथ्य आणि वेशभूषा केली. इंग्रज चित्रकार हॉगार्थच्या अठराव्या शतकातल्या छापचित्रांवरून ती कल्पना सुचलेली. भिंतींवर, खुर्च्यांवर, अंगातल्या कोटांवरही शाईच्या उभ्या-आडव्या रेघा. जणू माणसंच चित्रातून उठून गायला लागली आहेत. सपाट रंगकाम आहे आणि नवा विचारही आहे.

आणि डोळ्यांचं सुख इतकं हलकं समजू नका. बालगंधर्वांचं गाणं ऐकायला येणारे त्यांचे शालू आणि गजरेही बघायला येत. घराघरांतल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला लागल्या होत्या.

काजबटण:
मी ऑपेराचे नाही, पुण्यात संगीत नाटकांचे कपडे शिवते. पण गाणाऱ्याचं अंग सगळीकडे सारखंच. मी छातीची मापं दोन घेते, एक श्वास सोडून आणि एक दम भरून. दोन्हींत बोट-दीड बोट फरक निघतो, आणि तान त्याच फरकावर उभी असते. चोळीच्या बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, जास्त ठेवते, कारण दोन वर्षांनी भूमिकेत दुसरी मुलगी येते.

एका ‘सौभद्र’च्या प्रयोगात कृष्णाचा सूर दर वेळी त्याच पदात उतरायचा. गाणारा तयारीचा होता, सगळे बुचकळ्यात. तालमीत साधा सदरा घातला की सूर चोख. शेवटी मुकुट हातात घेऊन बघितला, तर आतली कापसाची गादी दोन्ही कानांवर येत होती. त्याला ऑर्गनच ऐकू येत नव्हता. प्रेक्षकांतून मुकुट फार देखणा दिसत होता, हेही खरं.

रिकामा रंगमंच:
हे तर कारागिरीचं भान झालं, त्याला कोण नाही म्हणतंय? माझा विरोध कल्पनेला लगाम घालण्याला आहे.

दमसास:
मग 2004 चं उदाहरण घ्या. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात रिचर्ड स्ट्राउसच्या ‘आरिआडने आउफ नाक्सोस’मधून आरिआडने गाणाऱ्या अमेरिकन गायिका डेबोरा व्हॉइट यांना काढलं. कारण दिग्दर्शकाला हवा असलेला छोटा काळा ड्रेस त्यांना शोभणार नाही असं ठरलं. त्या काळात ही भूमिका गाणाऱ्यांत त्यांचं नाव अग्रभागी होतं. एक झगा बदलता आला नाही म्हणून गळा बदलला! मी ते वाचलं तेव्हा दिवसभर अस्वस्थ होते. शेरोचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्याचं धरण संगीतातूनच आलं होतं. हा झगा कुठल्या सुरातून आला, ते मला कुणी सांगावं.

रिकामा रंगमंच:
त्या निर्णयाचं समर्थन मी करणार नाही. तो अन्यायच होता. तरीही वेशभूषाकाराने आजच्या काळातला पोशाख निवडावा की नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यावर मी ठाम आहे. आरिआडने ग्रीक पुराणातली असली तरी तिला पौराणिक झग्यातच बघायचं असं कुठे लिहून ठेवलंय?

शालू:
काजबटण, त्या मुकुटाचं पुढे काय झालं? नवा केलात?

काजबटण:
नवा कशाला? कानावरची गादी दोन-दोन बोटं कापली, आतून मऊ अस्तर लावलं आणि तोल जाऊ नये म्हणून मागे एक बंद दिला. समोरून तसूभरही फरक दिसत नाही. पुढच्या प्रयोगाला मी विंगेत उभी होते. ते पद आलं, आणि त्याने ऑर्गनकडे मान वळवून सूर धरला.