११५ एचपीला १९ पिचचा पंखा, बनाना बांधली की बोट उठत नाही. कुठला प्रोपेलर घ्यावा?

दिवाळ्याचा_नाखवा:
नमस्कार मंडळी. आमची बोट बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात असते. १८ फुटी फायबर, मागे मर्क्युरी ११५ फोर-स्ट्रोक. गणपती झाले की अलिबागकडे नेतो आणि पावसाळा जवळ येईपर्यंत बनाना, बंपर (बोटीमागे दोरीने ओढायचे हवेचे फुगे, वर माणसं बसतात), थोडं स्कीइंग असं चालतं. मी आणि चुलतभाऊ, दोघांच्या घरचं यावरच चालतं.

आम्ही दोघंच असलो की बोट छान पळते, जीपीएसवर ३३ नॉट दाखवते. पण बनानावर सहा जण बसले, बोटीत आम्ही दोघं आणि एक लाइफगार्ड, की सगळं बदलतं. थ्रॉटल पूर्ण दिला तरी नाक आभाळाकडे, ढुंगण पाण्यात, आणि बोट उठून पाण्यावर सपाट पळायला लागायला ११-१२ सेकंद. स्कीइंगलाही तोच त्रास, स्कीवाल्याचे हात तोपर्यंत भरून येतात. मागच्या रविवारी एक मुलगी तीन वेळा पडली आणि रडतच किनाऱ्यावर गेली. ते अजून मनातून जात नाही.

पंखा तीन पात्यांचा, अॅल्युमिनियम, १९ पिच. बोट घेतली तेव्हापासून तोच आहे. एक जण म्हणतो स्टीलचा २१ पिच घाल, दुसरा म्हणतो इंजिनच १५० कर. इंजिनाएवढे पैसे नाहीत. कुठला पंखा घेऊ?

कोलशेत_काठ:
दादा, फुल थ्रॉटलला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती येतात? रिकामी बोट आणि भरलेली, दोन्ही आकडे द्या. त्याशिवाय कोणी काही सांगितलं तर ऐकू नका.

दिवाळ्याचा_नाखवा:
आज पाहून आलो. दोघंच असताना ५३००. बनाना भरून ४७००, त्याच्या वर काटा जात नाही.

ओबीएम_वाशी:
उत्तर या दोन आकड्यांतच आहे. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये फुल थ्रॉटलची रेंज ५००० ते ६००० आहे. तुम्ही ४७०० वर दिवसभर ओढताय. चढावर चौथ्या गिअरमध्ये रिक्षा चालवल्यासारखं आहे ते. पिकअप तर जातोच, शिवाय इंजिनावर ताण येतो, आत कार्बन धरतो. २१ पिच घातला तर ४७०० चे ४३०० होतील. तो सल्ला सोडून द्या.

पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी लोण्यासारखं घट्ट असतं तर, किती इंच पुढे गेला असता ते माप. १९ म्हणजे १९ इंच. प्रत्यक्षात पाणी निसटतं, त्याला स्लिप म्हणतात. तुमचाच हिशोब करू. ५३०० गुणिले १९, भागिले गिअर रेशो २.०७ (इंजिनाचे तेवढे फेरे झाले की पंख्याचा एक), भागिले १२१५ (मिनिटाला इंच याचे नॉट करायचा आकडा). आले ४० नॉट. जीपीएस दाखवतो ३३. म्हणजे स्लिप साधारण १७-१८ टक्के. अशा बोटीला हे ठीक आहे. पंखा खराब नाही, तुमच्या कामाला चुकीचा आहे. दोन माणसांना घेऊन पळायला तो बरोबर होता.

आता अंदाज. पिच एक इंच कमी केला की फुल थ्रॉटलला १५० ते २०० आरपीएम वाढतात. तीन पात्यांचा १७ लावला तर भरलेली बोट ५०००-५१०० ला जाईल, म्हणजे रेंजच्या उंबरठ्यावर. माझं मत विचाराल तर चार पात्यांचा १५ पिच. चौथं पातं थोडे आरपीएम खातं, साधारण एका इंचाइतके, म्हणजे तो तीन पात्यांच्या १६ सारखा वागेल. भरलेली बोट ५२०० च्या आसपास, रिकामी ५८०० ते ५९००. दोन्ही टोकं रेंजमध्ये. १३ वर मात्र जाऊ नका. रिकाम्या बोटीला ६००० ओलांडून लिमिटर (जास्त फेरे अडवणारी सोय) लागेल आणि इंजिन झटके देईल.

चार पात्यांचा खरा फायदा कमी वेगात कळतो. पाण्यावर पकड जास्त, वळणावर पंखा हवा ओढत नाही, आणि बनाना ओढताना १५-१६ नॉटवर बोट खाली बसत नाही. टॉप स्पीड तीनेक नॉट जाईल. तुमच्या गिऱ्हाइकाला तो लागतच नाही.

खाडीतला_म्हातारा:
वाशीवाल्यांचं बरोबर आहे, पण आधी बोट वर काढून बूड बघा. आपल्या खाडीत बोट महिनाभर उभी राहिली की खाली शेवाळ आणि कालवं धरतात. हात फिरवा, खरखरीत लागलं तर निम्मा पिकअप तिथेच गेलाय. मी एकदा पंखा बदलून बसलो आणि दोष बुडाचा निघाला. बोट जुनी असेल तर आत फोममध्ये पाणी मुरलंय का तेही पाहा. बिल्ज (बोटीचा आतला तळ) कोरडी दिसते आणि बोट मात्र दरवर्षी जड होत जाते.

दिवाळ्याचा_नाखवा:
काका, सप्टेंबरमध्ये घासली होती. उद्या परत बघतो. स्टील की अॅल्युमिनियम?

येऊर_राइडर:
स्टील घ्या. पाती पातळ आणि ताठ असतात, जोर पडला की वाकत नाहीत. अॅल्युमिनियमची पाती फुल लोडला थोडी मुरडतात आणि पिकअप तिथेच हरवतो. माझ्या मित्राने बदलला, फरक बसल्याबसल्या कळतो.

खाडीतला_म्हातारा:
भाऊ, फरक आहे, नाही म्हणत नाही. पण दिवाळ्याहून निघताना ओहोटीला खाली काय काय असतं ते मला विचारा. डोल जाळ्यांची जुनी खुंटं, दगड, बुडालेली लाकडं. अॅल्युमिनियमचं पातं लागलं की वाकतं, तुटतं, जोर तिथेच संपतो. स्टील वाकत नाही, मग तो धक्का शाफ्टला आणि गिअरला जातो. पंख्याच्या पैशात गिअरकेस येत नाही.

ओबीएम_वाशी:
या बाबतीत मी काकांच्या बाजूने. खोल आणि स्वच्छ पाणी असेल तर स्टील, खाडीतून ये-जा असेल तर अॅल्युमिनियम. चार पात्यांत मर्क्युरीचा स्पिटफायर किंवा सोलासचा अमिटा ४ बघा. दुकानात जाताना जुना पंखा काढून बरोबर न्या. शाफ्टचे दाते मोजून आणि हब (पंख्याचा शाफ्टवर बसणारा मधला भाग) जुळवून घ्या, नुसतं "११५ चा द्या" म्हणू नका.

पैसे खर्च करायच्या आधी फुकटचं एक काम. बॅटरी, नांगर, जास्तीची टाकी मागे असेल तर पुढे सरकवा. सुटताना ट्रिम, म्हणजे इंजिनाचा तिरपेपणा, पूर्ण आत. आणि इंजिनाची उंची बघा. पंख्याच्या वरची आडवी प्लेट बोटीच्या बुडाच्या रेषेत हवी. खूप खाली असेल तर पाणी ओढत बसते, वर असेल तर वळणावर पंखा हवा खातो, आरपीएम एकदम चढतात आणि बोट मात्र जागेवर.

ठाण्याची_स्कीवाली:
मी दोरीच्या दुसऱ्या टोकाला असते म्हणून लिहिते. आम्हाला हवा असतो तो सलग ओढा. पहिल्या तीन-चार सेकंदांत बोट उठली तर पाणीच आम्हाला उभं करतं. नाहीतर गुडघे छातीशी घेऊन पाण्याखाली ओढत राहावं लागतं, नाकातोंडात पाणी जातं, आणि नवीन माणूस घाबरतो. त्या मुलीचा दोष नव्हता, तिला सांगा आणि परत बोलवा.

पण पिकअप वाढला की ड्रायव्हरचा हातही बदलावा लागतो. आधी दोरी ताणून घ्या, स्कीवाल्याने "चल" म्हटल्यावरच थ्रॉटल, आणि तोही झटक्यात नको. मागे बघणारा माणूस वेगळा हवा. आणि माणूस पाण्यातून बोटीवर घेताना इंजिन बंद करा. न्यूट्रल पुरत नाही, न्यूट्रलमध्येही पंखा हळूहळू फिरत राहू शकतो. किल-स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद होतं ती) ड्रायव्हरच्या पायाला किंवा जॅकेटला, रोज, प्रत्येक फेरीला.

दिवाळ्याचा_नाखवा:
ताई, हे आजपासूनच. आम्ही न्यूट्रलवरच माणसं घेत होतो.

बसवताना काय बघायचं? भाऊ म्हणतो घरीच लावू.

ओबीएम_वाशी:
लावता येतो. आधी चावी काढा, किल-स्विचची दोरी काढा. पातं आणि वरची प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे पंखा फिरणार नाही आणि नट सुटेल. वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने फोटो काढून ठेवा. पंख्याच्या आतल्या बाजूची जाड वॉशर विसरली तर पंखा गिअरकेसला घासतो.

पंखा निघाला की शाफ्टच्या मुळाशी बघा. नायलॉनचा धागा गुंडाळलेला सापडेलच, आपल्याकडे जाळ्यांचे तुकडे सगळीकडे तरंगतात. तो सील कापतो. खालचा स्क्रू जरा सैल करून गिअर ऑइलचा थेंब बोटावर घ्या. ताकासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, आधी सील. स्वच्छ असेल तर शाफ्ट पुसून मरीन ग्रीस लावा, पंखा घाला, नट टॉर्क पाना लावून मॅन्युअलप्रमाणे घट्ट करा, नट सुटू नये म्हणून वॉशरचे टॅब वाकवा. पहिल्या दिवसाच्या फेऱ्या झाल्या की नट परत तपासा.

दिवाळ्याचा_नाखवा:
उशीर झाला, पण सगळं करून मगच लिहितोय.

बूड घासलं. काका, डाव्या बाजूला वीतभर पट्टा कालवांनी भरलेला होता, वरून दिसतच नव्हता. नुसतं घासून भरलेल्या बोटीला ४७०० चे ४८०० झाले. बॅटरी पुढे घेतली. पंखा काढला तर शाफ्टवर हिरव्या धाग्याचा अंगठ्याएवढा गोळा. ऑइल मात्र स्वच्छ निघालं, देवाची कृपा.

चार पात्यांचा १५ पिच, अॅल्युमिनियम घेतला. काल भरतीला मांडव्याच्या अलीकडे चाचणी केली. दोघंच असताना ५८५०, वेग ३० नॉट. बनाना भरून ५२५०, आणि बोट उठायला ६ सेकंद, तीन वेळा मोबाइलवर मोजले. वळणावर आधी इंजिन ओरडायचं ते बंद झालं. रिकामं येताना मात्र पेट्रोल थोडं जास्त जातंय असं वाटतं, पंधरा दिवस हिशोब ठेवून सांगतो.

ती मुलगी ऐरोलीची आहे, तिच्या वडिलांचा नंबर होता. फोन केला, रविवारी येतायत. ताई, तुम्हीही या, पैसे घेणार नाही.

ठाण्याची_स्कीवाली:
येते. भरती किती वाजता आहे ते कळवा, आणि दोरी जुनी असेल तर मी माझी आणते.

खाडीतला_म्हातारा:
जुना १९ पिच विकू नकोस. नट, वॉशर, ठोकळा आणि पाना एका डब्यात घालून त्याच्यासोबत बोटीतच ठेव. समुद्रात पातं तुटलं तर हळूहळू का होईना, घरी आणेल.