विक मुनीझ: चॉकलेट, साखर, कचरा. हे साहित्य चित्र घडवतं की फक्त लक्ष वेधतं?

कुंचला

ब्राझीलच्या विक मुनीझचा विषय निघाला की लोक 'तो चॉकलेटने चित्र काढणारा' म्हणतात आणि पुढे सरकतात. हा त्याच्यावर अन्याय आहे, म्हणून हा धागा.

जन्म १९६१, साओ पाउलो. वडील वेटर, आई टेलिफोन ऑपरेटर. सुरुवातीला जाहिरातक्षेत्रात काम. रस्त्यावरचा फलक लोकांना कसा वाचता येतो, हा तिथला प्रश्न. एक भांडण सोडवायला गेला आणि पायाला गोळी लागली. गोळी झाडणाऱ्याने दिलेल्या भरपाईतून तिकीट काढून १९८३ साली अमेरिकेत गेला. ब्राझीलच्या लष्करी राजवटीत वाढलेला माणूस, दोन अर्थांनी बोलण्याची सवय त्या राजवटीतलीच.

'लाइफ' मासिकातल्या गाजलेल्या फोटोंचं पुस्तक हरवलं, तेव्हा त्याने ते फोटो आठवणीतून रेखाटले. मग त्या रेखाटनांचे किंचित अस्पष्ट फोटो काढून वर्तमानपत्री छपाईच्या ठिपक्यांतून छापले. बघणाऱ्यांना ते मूळ फोटोच वाटले, फक्त छपाई खराब झालेले. तेव्हापासून त्याची पद्धत ठरली: वस्तूंनी चित्र मांडायचं, फोटो काढायचा आणि कलाकृती म्हणून तो फोटोच भिंतीवर जाणार.

१९९६ची साखरेची मुलं घ्या. कॅरिबियनमधल्या सेंट किट्स बेटावरच्या ऊसमजुरांच्या मुलांची व्यक्तिचित्रं, काळ्या कागदावर साखर भुरभुरून केलेली. आपल्याकडे व्यक्तिचित्रांच्या रांगोळ्या काढणाऱ्यांना यातली अडचण लगेच कळेल. इथे सावली काढायची नसते, उजेड काढायचा असतो. कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचा उंचवटा इथे थर दाट. हनुवटीखाली कागद मोकळा. मधल्या करड्या छटेसाठी वेगळा रंग नाही, दाणे विरळ टाकणं एवढाच उपाय. हात जड पडला तर दुरुस्ती अवघड, कारण झटकलेल्या साखरेची पूड कागदाच्या पोतात अडकते आणि जिथे गडद हवं तिथे धूसर डाग राहतो.

ज्या साखरेने त्या पोरांच्या आईबापांना राबवलं, त्याच साखरेत त्यांचे चेहरे. साहित्य काढून घ्या, चित्रात काही उरत नाही. मला यात त्याचं बळ दिसतं.

तांबूस

साखरेबद्दल मान्य. पण एका चांगल्या मालिकेवर अख्खी कारकीर्द तोलू नका.

२००४मध्ये त्याने हिऱ्यांनी एलिझाबेथ टेलर मांडली. शिवाय कॅव्हियारमधून, म्हणजे माशांच्या महागड्या अंड्यांतून, फ्रँकेन्स्टाईन आणि ड्रॅक्युला. चेहरा ओळखला, 'अरे, हे हिरे' म्हटलं, आणि बघणं तिथेच संपलं. तारका झगमगते, हिरे झगमगतात. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट ठेवल्यावर चित्राने आणखी काय सांगायचं?

ब्राझीलमध्ये पॉप, म्हणजे जाहिराती, बातम्या आणि रोजच्या वस्तू घेऊन केलेली कला, याहून खूप आधी आणि जास्त धारदार झालं होतं. रुबेन्स गेर्शमान याची १९६६ची 'लिंडोनेया' बघा. वस्तीतल्या एका मुलीचा मार लागलेला चेहरा, भोवती स्वस्त आरशासारखी नक्षीदार काचेची चौकट, आणि अठरा वर्षांची सुंदर लिंडोनेया तत्काळ मरण पावली अशी बातमीवजा ओळ. गेर्शमानने तिला उपनगरातली मोनालिसा म्हटलं. आता तिच्याशेजारी मुनीझच्या १९९९च्या दोन मोनालिसा ठेवा, एक पीनट बटरची, एक जेलीची. तीही अमेरिकी पॉप चित्रकार अँडी वॉरहोलच्या दुहेरी मोनालिसावरून. गेर्शमानने मोनालिसा आपल्या वस्तीत आणली. मुनीझने ती न्याहारीच्या बशीत ठेवली.

नेल्सन लेर्नरने तर १९६७ साली ब्राझिलियाच्या प्रदर्शनाला पेंढा भरलेलं डुक्कर पाठवलं. परीक्षकांनी ते स्वीकारलं, तेव्हा 'कोणत्या निकषावर स्वीकारलंत?' असं त्यानेच जाहीरपणे विचारलं. हाही खेळच होता, पण त्याने कुणाला तरी उत्तर द्यायला भाग पाडलं.

मृण्मयी_क

तांबूस, मोनालिसाबद्दल तुमच्याशी सहमत आहे. पण 'ओळखलं की संपलं' हे चॉकलेटच्या मालिकेला लागू होत नाही, आणि त्याचं कारण तंत्रातच आहे.

चॉकलेट सिरप साखरेच्या नेमकं उलट चालतं. पांढऱ्या पृष्ठभागावर तपकिरी द्रव, म्हणजे इथे सावली काढायची आणि उजेड कोरा ठेवायचा. द्रव स्थिर राहत नाही. शेजारशेजारच्या दोन रेघा जास्त जवळ आल्या की एकमेकींत मिसळतात आणि डोळ्याच्या जागी डबकं होतं. जाड थर कडेने फुगतो, पातळ थर लवकर सुकतो. सुकला की वर साय धरते आणि चकाकी जाते. चकाकी गेली की फोटोत ते चॉकलेट न दिसता साधा तपकिरी रंग दिसतो, म्हणजे सगळी मेहनत वाया. शिवाय ओल्या सिरपवर प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब पडतं. दिवा समोर ठेवला तर चेहऱ्यावर पांढरे चट्टे येतात आणि पार बाजूला नेला तर ओलेपणा दिसत नाही. म्हणून चित्र, प्रकाशयोजना आणि कॅमेरा तिन्ही एकाच वेळी तयार लागतात.

१९९७मध्ये त्याने याच सिरपने जॅक्सन पोलॉक काढला, हान्स नामुथच्या प्रसिद्ध फोटोवरून. रंग ठिबकवणारा चित्रकार, त्याचं चित्रही ठिबकवलेल्या द्रवाचं. इथे विषय आणि साहित्य जुळतात ते कृतीत. हिऱ्यांमध्ये ते फक्त चमकेपुरते जुळतात.

एक सूचना: ही कामं मोबाइलवर बघून मत बनवू नका. छोट्या पडद्यावर चेहराच दिसतो. मोठ्या छापावर जवळ गेलं की चेहरा विरघळतो आणि नुसतं सिरप उरतं. मागेपुढे होत राहणं हाच बघण्याचा अर्धा भाग आहे.

पश्चिमवारा

तुम्ही सगळे तंत्रात रमलात. कचऱ्याच्या मालिकेबद्दल कुणी बोलतच नाही.

रिओजवळ दुकी दे काशियासमध्ये, ग्वानाबारा उपसागराच्या काठावर झार्डिम ग्रामाशो हे प्रचंड कचराडेपो होतं, २०१२मध्ये बंद झालं. तिथल्या कचरावेचकांना, म्हणजे कातादोरना घेऊन २००८च्या सुमारास ही चित्रं झाली. हात कुणाचे? कातादोरांचे. चेहरे कुणाचे? त्यांचेच. आणि सही मुनीझची. गरिबी आकर्षक करून श्रीमंताच्या दिवाणखान्यात लावण्याला पॉप म्हणायचं का?

कुंचला

पश्चिमवारा, प्रश्न रास्त आहे, त्याला नेमकेपणाने उत्तर द्यायला हवं.

आधी कृती बघू. डेपोवर माणसांना उभं करून फोटो काढले. कातादोरांच्या संघटनेचा अध्यक्ष तियाओ याला कचऱ्यात सापडलेल्या बाथटबमध्ये बसवलं, फ्रेंच चित्रकार दाविदच्या 'मारा'सारखं, म्हणजे बाथटबमध्ये खून झालेल्या क्रांतिकारकाच्या चित्रासारखं. मग मोठ्या गोदामात उंच मचाणावरून तो फोटो जमिनीवर प्रक्षेपित केला. कातादोरांनी त्या प्रतिमेत टायर, बाटल्या, झाकणं, दोऱ्या मांडल्या. मुनीझ वरून लेझरच्या ठिपक्याने जागा दाखवत होता. शेवटचा फोटोही वरूनच. हे महत्त्वाचं, कारण तिरक्या कोनातून टाकलेली प्रतिमा जमिनीवर ताणली जाते. कॅमेरा प्रोजेक्टरच्या जागी असेल तरच ती परत सरळ दिसते. दोन्हींच्या जागा वेगळ्या असतील तर कपाळ लांबट आणि हनुवटी आखूड होईल. खाली उभ्या माणसाला स्वतःचा चेहरा दिसतच नाही, त्यासाठी वर चढावं लागतं.

आता पैशाचं. तियाओचा 'मारा' लंडनच्या लिलावात २८,००० पौंडांना गेला. ती रक्कम कातादोरांच्या संघटनेला मिळाली आणि लिलावाला तियाओ स्वतः हजर होता. या प्रकल्पावर २०१०मध्ये माहितीपट आला. काम संपल्यावर ही माणसं परत डेपोवर कशी जातील, आपण त्यांचं नुकसान तर करत नाही ना, हा वाद मुनीझ आणि त्याच्या जवळच्या माणसांत होतो आणि तो माहितीपटात ठेवलेला आहे. प्रश्न झाकलेला नाही.

पश्चिमवारा

लिलावाचे पैसे संघटनेला गेले, हे चांगलं झालं. पण सहीचा मुद्दा तिथेच आहे. चार हातांनी मांडलेली गोष्ट एका नावाने विकली जाते, आणि चांगल्या हेतूने त्यात फरक पडत नाही. माहितीपटात वाद दाखवला म्हणजे तो सुटला असंही नाही.

मृण्मयी_क

सहीबद्दल पश्चिमवारा यांचं बरोबर आहे. छापाच्या बाजूला मांडणाऱ्यांची नावं यायला हवीत, जागा फार लागत नाही.

तांबूस, तुमच्यासाठी दोन कामं. न्यूयॉर्कच्या ७२व्या रस्त्यावरचं भुयारी स्टेशन, १ जानेवारी २०१७ला उघडलं. तिथे गाडीची वाट बघणाऱ्या तीन डझनांहून जास्त माणसांची काचेच्या तुकड्यांतली चित्रं आहेत, माणसाएवढी. फोटोवरून केलेली, पण शेवटी भिंतीवर साहित्यच आहे, फोटो नाही. दुसरं, २ सप्टेंबर २०१८ला रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं. त्या आगीची राख घेऊन मुनीझने नष्ट झालेल्या वस्तूंच्या प्रतिमा मांडल्या. राख साखरेहून हलकी, श्वासानेही उडते, आणि तिच्यात उजळ आणि गडद यांतलं अंतर फार थोडं. म्हणून त्या प्रतिमा मुळातच पुसट.

तांबूस

स्टेशनचं काम मला आवडतं, पण ते मुनीझचं म्हणून वेगळं ओळखू येत नाही. चांगली काचचित्रं आहेत, बस.

राखेची मालिका मात्र पूर्ण मान्य. तिथे दुसरं कोणतंही साहित्य चाललं नसतं. जळालेली वस्तू तिच्याच राखेत बघताना 'अरे, ही राख' असं म्हणून कुणी पुढे जाऊ शकणार नाही. साखर, सिरपमधला पोलॉक आणि राख, एवढ्या तिघांसाठी माझं आधीचं वाक्य मागे घेतो. हिरे, कॅव्हियार आणि पीनट बटरसाठी नाही. कुणाला हिऱ्यांची बाजू मांडायची असेल तर एवढंच सांगा: त्याच टेलरला काचेच्या मण्यांनी मांडलं असतं तर चित्रात नेमकं काय कमी झालं असतं?