गोल्डन रिट्रीव्हर: गाठी सुजल्या, रिपोर्टमध्ये 'क्लोनल टी-सेल'. लगेच चॉप (अनेक औषधांची एकत्रित कीमो) सुरू करायचं का?

पाळीवपशू_ओपीडी
गोल्डन मादी, वय ९. जबड्याखालच्या, खांद्यापुढच्या आणि गुडघ्यामागच्या लसीका गाठी दोन्ही बाजूंनी मोठ्या. खाणं व्यवस्थित, ताप नाही, वजन टिकून. लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले, प्लेटलेट थोडे कमी, कॅल्शियम नॉर्मल. सुईच्या नमुन्यावर 'लहान पेशींचा लिम्फोमा (लिम्फोसाइटांचा कर्करोग) असावा', आणि 'पार' या डीएनए चाचणीत टी-पेशींचा (लिम्फोसाइटांचा एक प्रकार) एकच क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला समूह. आधी अंगावर गोचीड खूप होते. मालक घाई करताहेत. टी-सेल म्हणजे वाईट, असं धरून चालावं का?

स्लाइडवाला
नको. आधी एर्लिकिया (गोचिडांमुळे होणारा जिवाणूंचा संसर्ग) नक्की वगळा. गोचिडांचा इतिहास आणि कमी प्लेटलेट, दोन्ही तिकडेच बोट दाखवतात. एर्लिकिया कॅनिसमध्ये लिम्फोसाइट वाढतात, गाठी सुजतात आणि 'पार'मध्येही खोटा क्लोन दिसू शकतो. किटवर अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली तरी ती जुन्या संसर्गाचीही असू शकते, म्हणून रक्ताचा पीसीआर (जिवाणूचा डीएनए शोधणारी चाचणी) करा. पॉझिटिव्ह आला तर डॉक्सिसायक्लिन, दिवसाला किलोमागे १० मिलिग्रॅम, २८ दिवस, जेवणाबरोबर. मग रक्त पुन्हा तपासा.

आणि तोवर प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) अजिबात नको! गाठी उतरतात, सगळे खूश होतात, पण बायोप्सीत वाचण्यासारखं काही उरत नाही आणि पुढच्या कीमोला प्रतिसादही कमी मिळतो.

हिस्टो_टेबल
एर्लिकिया निगेटिव्ह आला तर माझा पहिला संशय टी-झोन लिम्फोमा, म्हणजे टी-पेशींचा संथ वाढणारा प्रकार. जात, वय, ठणठणीत तब्येत, रक्तातले लहान लिम्फोसाइट, सगळं जुळतं. पण 'पार' एवढंच सांगते की पेशी एका क्लोनच्या आहेत. टी-झोन की आक्रमक पेरिफेरल टी-सेल लिम्फोमा, हे ती सांगत नाही, आणि या दोघांच्या आयुर्मानात मोठा फरक आहे.

गुडघ्यामागची गाठ अख्खी काढा. जबड्याखालची नको, दातांच्या संसर्गाने ती एरवीही सुजलेली असते. ट्रू-कट सुईने काढलेल्या बारीक तुकड्यात गाठीची रचना दिसत नाही, आणि इथे तर रचनेवरच सगळं ठरतं: टी-झोनमध्ये विझत चाललेले फॉलिकल (बी-पेशींचे गोल पुंजके) ट्रॅबेक्युलांना (गाठीतल्या तंतुमय पट्ट्यांना) टेकलेले दिसतात. गाठ उभी चिरा, कापलेल्या बाजूचे स्लाइडवर ठसे घ्या, मग दसपट फॉर्मॅलिनमध्ये टाका. ठशांच्या स्लाइड वेगळ्या पाकिटात पाठवा. फॉर्मॅलिनची वाफ लागली की रंग नीट चढत नाही आणि पेशी धूसर निळसर दिसतात. दर वेळी हेच होतं.

मागणीपत्रावर सीडी३ (टी-पेशींची खूण) आणि सीडी२० किंवा पॅक्स५ (बी-पेशींची खूण) लिहा. रिपोर्टमध्ये केंद्रकाचा आकार तांबड्या पेशीच्या तुलनेत आणि ४००पट मोठेपणाच्या एका क्षेत्रातली पेशी-विभाजनं मागा: ०–५ कमी, ६–१० मध्यम, त्यावर जास्त.

पाळीवपशू_ओपीडी
फ्लो सायटोमेट्रीची (पेशींवरच्या खुणा मोजणाऱ्या चाचणीची) सोय असेल तर? आणि रक्तात पेशी आहेत म्हणजे स्टेज पाचच ना?

स्लाइडवाला
फ्लो असेल तर फारच उत्तम. टी-पेशींवर सीडी४५ (पांढऱ्या पेशींची सर्वसाधारण खूण) गायब आणि सीडी२१ (एरवी बी-पेशींवरची खूण) हजर, हे टी-झोनचं जवळपास ओळखपत्रच. नमुना थंड ठेवा, गोठवू नका. सीडी३४ही (अपक्व पेशींची खूण) बघा, ते पॉझिटिव्ह असेल तर तीव्र ल्युकेमियाचा विचार करावा लागेल.

स्टेज पाच, हो, कागदावर. पण स्टेज म्हणजे पसारा, प्रकार नव्हे. टी-झोनमध्ये रक्तात पेशी असणं नेहमीचंच. कुत्रं धडधाकट असेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, त्रास वाढला तर क्लोराम्ब्युसिल (कीमोचं एक औषध) आणि प्रेडनिसोलोन. चॉप इथे सहसा लागत नाही.